मीठ कोणी मागितले होते?

मंडळाच्या गेल्या मासिक बैठकीत आमच्या एका स्नेह्यांनी पर्वत पाटियावरील रात्रीच्या जेवणाचे विनोदी कथन वाचून दाखविले. श्रोते पोट धरून हसले. त्या रात्री टेबलाभोवती जे चौघे होते त्यांत आम्ही होतो, आणि बैठकीत जे हसले त्यांतही आम्ही होतो. ते कथन पुढील अंकात घेण्याचे ठरले आहे असे कळते. घ्यावे, आमची हरकत नाही. परंतु त्यात जेवढे सांगितले आहे त्याहून महत्त्वाचे ते गाळले आहे, आणि ते गाळण्यामागे मंडळाची एक जुनी खोड आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी प्रसंग. पर्वत पाटिया येथे पर्वत नाही. पर्वत हे जुन्या गावाचे नाव, आणि पाटिया म्हणजे हमरस्त्यावरून गावाकडे वळताना लागणारी पाटी. नाटकाहून परतताना साडेअकरा वाजले होते. एक लहानसे खाणावळवजा हॉटेल उघडे दिसले. रक्तदाबाचा विकार असलेल्या स्नेह्यांनी खिचडी मागविली आणि वेटरला बजावले, "उसमें मीठा कम डालना." सुरतेत जन्म गेलेल्या माणसाच्या कानात गुजरातीतले 'मीठुं', म्हणजे मीठ, घोळत असते, हिंदीत मात्र मीठा म्हणजे गोड. मुलाने हिंदी वाक्य हिंदीतच समजून घेतले. खिचडी नेहमीच्याच मिठाची आली आणि दुसऱ्या स्नेह्यांचा चहा बिनसाखरेचा. आम्ही पोळीबरोबर "कोई भी भाजी" मागितली. पावभाजीतली भाजी आली, पावाविना. तेव्हा चौथे स्नेही, जन्माचे शाकाहारी, कपाळावर हात मारून आमच्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हा काय घोटाळा आहे!" मुलाचा चेहरा उजळला. तो धावत शेजारच्या अंड्याच्या गाडीवर गेला आणि वाफाळता अंडा घोटाळो घेऊन आला. तव्यावर अंडी मसाल्यात घोटून केलेला हा पदार्थ सुरतेत प्रसिद्धच आहे.

कथन येथे संपते आणि हशा पिकतो. प्रत्यक्षात रात्र येथे संपली नव्हती. मालकाने मुलाला खडसावले, तेव्हा तो भटारखान्याकडे तोंड करून म्हणाला, "ह्या काय सांगी राह्यनात, माले काहीच समजत नही."

अहिराणी! मुलगा शिंदखेडा तालुक्यातला. नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला. आम्ही आपापसांत नाटकाविषयी जे बोलत होतो ते सारे त्याला समजत होते; 'घोटाळा' तर त्याने अचूक टिपला होता. मग मराठीत का बोलला नाहीस, असे विचारता तो म्हणाला की तुम्ही माझ्याशी हिंदीत बोललात. पुढे त्याने अदबीने विचारले, "तुमनं गाव कोनतं शे?" आमच्यातील एकांनी त्यालाही उत्तर दिले ते हिंदीतच. सवयीने.

याच सवयीविषयी आम्हांला भांडायचे आहे. चार मराठी माणसे एकमेकांशी मराठीत बोलतात आणि ताट आणून ठेवणाऱ्याकडे वळताच भाषा बदलतात. रिक्षावाला, पहारेकरी, भाजीवाली, सर्वांशी हेच. आम्ही स्वतः राज्य शासनाच्या सेवेत असताना खिडकीपाशी आलेल्या खानदेशी अर्जदाराशी वर्षानुवर्षे गुजरातीत वा हिंदीत बोललो. त्याची बोली ऐकू येत असतानाही 'आम्हीही मराठी' हे चार शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत. त्यात शासकीय शिस्त नव्हती. बरोबरी नको होती, एवढेच.

सुरत-भुसावळ लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही गावे सुरतेच्या दाराशी आणली त्याला शतक उलटले. उधना, लिंबायत, दिंडोली, गोडादरा या वस्त्यांत कानबाईचा उत्सव होतो. महापालिकेच्या शिक्षण समितीने मराठी माध्यमाच्या शाळा चालविल्या त्या मुख्यतः याच लोकांच्या मुलांनी भरल्या. आणि आम्ही मात्र दरवर्षी 'सुरतेत मराठी टिकेल काय?' या विषयावर परिसंवाद घेतो! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात दर्जा दिला तेव्हा मंडळाने पेढे वाटले. पेढ्यांचे तबक फिरविणारा मुलगाही बहुधा धुळ्याकडचाच असावा. त्याला कोणी विचारले नाही.

अहिराणी ही मराठी नव्हेच, असे एक विद्वान सदस्य सांगतील. त्यांना आधारही मिळेल. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशी १९०७ साली भिल्ली भाषांच्या खंडात घातली गेली, आणि २०११ च्या जनगणनेत ती मराठीहून वेगळी मोजली असून तिचे भाषक अठरा लाखांहून अधिक भरतात. तिच्यातले 'शे' हे 'आहे'पेक्षा गुजराती 'छे'लाच जवळचे वाटते, हेही खरे. परंतु भाषाशास्त्र्यांचा तो वाद आमच्या टेबलावर चालला नव्हता. तेथे अहिराणी घरचा, मराठी शाळेत शिकलेला मुलगा उभा होता आणि आम्ही त्याच्याशी दोन्हींपैकी एकाही भाषेत बोललो नाही. बहिणाबाई चौधरींची लेवा बोली १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तकात आली, तेव्हापासून ती आम्हांला अस्सल मराठी वाटते. बोली छापली की ती साहित्य, आणि ताटाबरोबर आली की विनोद!

विनोदाला विनोद म्हणून घ्यावे, असेही म्हटले जाईल. घेऊ. हास्यास्पद त्या रात्री पुष्कळ होते. पण ते आमच्या बाजूला होते. ज्या एकाने प्रत्येक शब्द कान देऊन ऐकला आणि निस्तरण्याची खटपट केली, त्याला कथनात 'अडाणी पोऱ्या' म्हटले आहे. घोटाळोच्या ताटाचे पैसे मालकाने त्याच्या पगारातून कापू नयेत म्हणून आम्ही ते बिलात धरावयास लावले. ताट तसेच राहिले.

कार्यकारिणीला आमची विनंती दोनच गोष्टींची आहे. पुढील तिमाहीची एक बैठक मंडळाच्या सभागृहाबाहेर, गोडादऱ्याला किंवा लिंबायतला, अहिराणी बोलणाऱ्यांच्या वस्तीत घ्यावी, आणि त्यात भाषण आपण करू नये. आणि ते कथन छापताना 'पोऱ्या' हा शब्द काढून त्याखाली एक ओळ द्यावी: खिचडीत मीठ कमी हवे होते ते मराठी माणसाला, आणि ते त्याने मराठी मुलाकडे हिंदीत मागितले होते.