तुकडा काढल्याने गाठ पसरते का?

‘गाठीला लोखंड लागले की ती पसरते’, हा समज आमच्या केंदूरच्या पंचक्रोशीत अजूनही ऐकू येतो. घरातील वृद्धाला घास अडकू लागतो. मग भाकरी दुधात कुस्करली जाते, पुढे पेजेवर भागवले जाते. दुर्बिणीची तपासणी मात्र लांबते. भीती असते ती आतून काढल्या जाणाऱ्या तुकड्याची.

वाचकहो, दुर्बिणीतून व्रण दिसतो. परंतु तो साधा, क्षयाचा की कर्करोगाचा, हे पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच निश्चित होते. दुर्बिणीच्या नळीतून बारीक चिमटा आत जातो आणि अस्तराचा दोन-तीन मिलिमीटरचा कण टिपतो. तो घेताना सहसा दुखत नाही. संशयास्पद व्रणाच्या निरनिराळ्या भागांतून, विशेषतः कडांवरून, सहा ते आठ कण घेतात. कारण एकाच कणात रोग निसटू शकतो.

या तपासणीने कर्करोग पसरतो, ही भीती निराधार आहे. पुष्कळ रुग्ण रोग बळावल्यावरच तपासणीस येतात. त्यानंतर प्रकृती ढासळली, की दोष तुकड्याच्या माथी येतो.

तपासणीपूर्वी सहा ते आठ तास पोट रिकामे हवे. मोठ्या आतड्याची तपासणी असल्यास आदल्या दिवसापासून पोट साफ करण्याचे औषध घ्यावे लागते. रक्त पातळ करणारी व मधुमेहाची औषधे चालू असतील तर त्यांची यादी आधीच दाखवा. हृदयविकाराची गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. घसा बधिर केलेला असल्यास बधिरता ओसरेपर्यंत पाणीही देऊ नका. गुंगीचे औषध दिले असेल तर वृद्धाला एकटे एसटीने धाडू नका. नंतर रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच किंवा पोटात तीव्र वेदना झाल्यास त्वरित रुग्णालय गाठा.

अहवालात कर्करोग आढळला नाही, पण घास अडकणे व वजन घटणे चालूच आहे, तर पुन्हा डॉक्टरांना भेटा. कधी तपासणी पुन्हा करावी लागते. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी बरे वाटले, एवढ्यावर निर्धास्त राहू नका. अशा गोळ्यांनी कर्करोगाचा व्रणही काही काळ भरल्यासारखा दिसू शकतो.

खर्चाची चिंता असल्यास महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी अवश्य करावी. कर्करोगावरील अनेक उपचार तीत समाविष्ट आहेत.

काळजीवाहकांना एक विनंती. अहवाल आला की तो आजी-आजोबांपासून लपवण्याची घाई करू नका. ‘आपल्याला किती जाणून घ्यायचे आहे?’ असे आधी त्यांनाच विचारा. देह त्यांचा आहे. निर्णयातही पहिला मान त्यांचाच.