आठवणींना जागा हवी

यवतमाळच्या वडगाव, उमरसरा, लोहारा, वाघापूर या भागांत शेतांचे ले-आउट पडत गेले, तसा प्रत्येक नकाशात एक चौकोन हिरव्या रंगाने भरला गेला. लोक त्याला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. प्लॉट विकताना याच चौकोनावर बोट ठेवून ‘इथे बाग होणार’ असे सांगितले जाते. पुढे घरे उभी राहतात, त्या घरांतली मुले शिकून पुण्या-नागपूरला जातात, आईवडिलांचे केस पिकतात. बाग मात्र नकाशातच राहते. प्रत्यक्ष जागेवर गाजरगवत माजलेले असते. कडेला कुणाच्या तरी जुन्या घराचा मलबा, पावसाळ्यात डबके, डुकरांचा वावर आणि मधोमध गंजून गेलेले व्यायामाचे साहित्य. पुसद, वणी, दिग्रस, उमरखेड, दारव्हा येथेही थोड्याफार फरकाने हेच पाहायला मिळते. प्रत्येक प्रभागातील अशी किमान एक पडीक जागा वस्तीच्या स्मृतिउद्यानासाठी आणि त्याला लागून एका छोट्या समाजभवनासाठी द्यावी, अशी आमची मागणी आहे. यात कोणाची मेहेरबानी नाही. ही जागा कायद्याने त्या वस्तीचीच आहे.

कायदा काय म्हणतो, ते आधी नीट समजून घेतले पाहिजे. डिसेंबर २०२० पासून राज्यात लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा मोकळी ठेवावीच लागते. या मोकळ्या जागेवर वाचनालय, व्यायामशाळा, बालवाडी यांसारख्या सोयींसाठी बांधकाम करता येते. पण तळमजल्याने जागेचा १० टक्क्यांहून अधिक भाग व्यापता कामा नये आणि एकूण बांधकाम १५ टक्क्यांपुढे जाता कामा नये. म्हणजे १ हेक्टरच्या ले-आउटमध्ये १ हजार चौरस मीटर मोकळी जागा आणि तिच्यावर फार तर १०० चौरस मीटरचे जोते. हे प्रमाण ज्याने ठरवले, त्याने शहाणपण दाखवले आहे. आधी झाडे, मग इमारत, असाच त्याचा अर्थ होतो. आपल्याकडे नेमके उलटे घडते. आमदार निधीतून सभामंडप मंजूर होतो, जागेचा मोठा भाग काँक्रीटखाली जातो, उरलेल्या भागात फरशी बसते आणि बागेचा विषय तिथेच संपतो.

सर्वोच्च न्यायालयानेही या बाबतीत वेळोवेळी स्पष्ट शब्दांत सुनावले आहे. बंगळुरूमध्ये उद्यानासाठी राखीव ठेवलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्यात आली, तेव्हा परिसरातील रहिवासी न्यायालयात गेले. १९९१ मध्ये न्यायालयाने ते वाटप रद्दच ठरवले. २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात गावांच्या सामायिक जमिनी गिळंकृत करण्याच्या वृत्तीवर न्यायालयाने कोरडे ओढले आणि अशी अतिक्रमणे हटवण्याचे आदेश राज्यांना दिले. जानेवारी २०१३ मध्ये रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर पुतळे व बांधकामे उभारण्यास परवानगी देऊ नये, असे बजावले. या निकालांचे सार एवढेच की सामायिक जागा सामायिकच राहिली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्याला हे नव्याने शिकवण्याची गरज नाही. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या धुंदीच्या जंगलात गवत कापून सरकारचा जंगल कायदा मोडला. त्यांच्या मागे उभी राहिलेली माणसे गवत आणि लाकूडफाट्यावरचा, म्हणजे सामायिक जागेवरचा आपला हक्क सांगत होती. त्यांच्या नातवंडा-पतवंडांनी घरासमोरची हक्काची जागा कचऱ्याच्या ढिगाखाली जाऊ द्यावी, हे शोभत नाही.

पण बागच करायची तर स्मृतिउद्यान कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर या जिल्ह्याच्या गेल्या चाळीस वर्षांत आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवनयात्रा संपवली. त्यांची आठवण म्हणून किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून दरवर्षी १९ मार्चला राज्यात अनेक जण एक दिवस अन्नत्याग करतात. त्या घटनेनंतर जिल्ह्यात किती शेतकरी गेले, याचे आकडे दर महिन्याला सरकारी तक्त्यात भरले जातात. त्या तक्त्यात दोन रकाने असतात : पात्र आणि अपात्र. सातबारा कुटुंबाच्या नावावर होता का, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे होते का, वसुलीचा तगादा होता का, हे तपासून १ लाख रुपयांच्या मदतीचा निर्णय होतो. त्यातले ३० हजार हातात पडतात आणि ७० हजार ठेवीत जातात. मक्त्याने शेती करणारा, नातेवाइकांकडून उसने घेतलेला, जिच्या नावावर सातबाराच नाही अशी बाई, हे सगळे बहुधा ‘अपात्र’ ठरतात. मदतीला निकष लागतात, हे मान्य. पण माणसाच्या आठवणीलाही तोच शिक्का लागून राहतो, हे आपल्या समाजाचे अपयश आहे.

२०१७ च्या खरिपात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यातील सुमारे वीस शेतकरी-शेतमजूर दगावले. चौकशीसाठी विशेष पथक नेमले गेले, काही दिवस राज्याचे लक्ष यवतमाळकडे लागले, मग ते हटले. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनाने जिल्ह्यात हजाराहून अधिक बळी घेतले. अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा होती आणि अनेकांना तेवढीही मिळाली नाहीत. कित्येक घरांत मुलाला बापाचा चेहरा दिसला नाही. अग्नी नगरपालिकेच्या कर्मचाऱ्याने दिला. तेरवी झाली ती घरातल्या घरात, दार लावून. शेजाऱ्याला खांद्यावर हात ठेवायला जाता आले नाही. ते राहून गेलेले सांत्वन आजही वस्तीवस्तीत तसेच पडून आहे. त्यासाठी एक जागा असावी, ही मागणी हळवेपणाची म्हणून झटकून टाकता येणार नाही.

इतरांनी हे करून दाखवले आहे. पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातील रानमळा गावात घरात मूल जन्मले, लग्न झाले, मुलीची पाठवणी झाली की झाड लावले जाते आणि कोणी गेले की त्याच्या नावाने स्मृतिवृक्ष लावला जातो. ही पद्धत इतकी रुजली की राज्य सरकारने तिला ‘रानमळा पॅटर्न’ म्हणून राज्यभर पुढे केले. सोलापुरात विजापूर रस्त्याच्या बाजूला आप्तांच्या नावाने झाडे लावलेले स्मृतिउद्यान आहे. भोपाळच्या भदभदा विश्रामघाटावर कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत नातेवाइकांनी अस्थी नेल्यानंतर उरलेली राख मातीत मिसळून २०२१ च्या पावसाळ्यात झाडे लावण्यात आली. अमृतसरची जालियनवाला बाग म्हणजे १९१९ मध्ये घरांच्या पाठभिंतींनी वेढलेले एक ओसाड पटांगणच होते. लोकवर्गणीतून ती जागा घेतली गेली आणि १३ एप्रिल १९६१ रोजी तेथील स्मारक राष्ट्राला अर्पण झाले. आपल्या शेजारी नागपुरात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी चेंगराचेंगरीत ११४ गोवारी बांधवांचा मृत्यू झाला. शून्य मैलाजवळच्या त्यांच्या शहीद स्मारकावर विदर्भभरातून माणसे दरवर्षी येतात, डोके टेकवतात. गरिबांच्या मृत्यूलाही जागा मिळाली की ते मृत्यू विसरता येत नाहीत, हा त्या स्मारकाचा धडा आहे.

आता हे करायचे कसे? पहिली गोष्ट नावांची. फलकावर माणसाचे नाव, जन्म-मृत्यूची वर्षे आणि तो काय करत होता, एवढेच असावे : जिनिंगमधला हमाल, परिचारिका, गवंडी, शिक्षक, कापूस वेचणारी. मृत्यूचे कारण लिहू नये. माणूस कसा गेला यापेक्षा तो कसा जगला, हे पोरांना कळले पाहिजे. जात, पक्ष, पद, देणगीची रक्कम यांतले काहीही फलकावर येऊ नये आणि नावांचा क्रम वर्णानुक्रमे लावावा. कुटुंबाच्या संमतीशिवाय एकही नाव कोरू नये. पुतळा तर बसवूच नये. एका पुतळ्यापाठोपाठ दुसऱ्याची मागणी येते आणि बाग बाजूला पडते.

दुसरी गोष्ट पाण्याची. निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली की काय होते, हे २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळने भोगले आहे. त्या दिवसांत घागरभर पाण्यासाठी रात्री जागवलेल्या बायांसमोर हिरवळीचे गालिचे मांडणे हा अपराध ठरेल. म्हणून लॉन नको, कारंजे नको, शोभेची परदेशी रोपे नकोत. कडुनिंब, करंज, पिंपळ, बेल, बहावा, पळस, आवळा, चिंच ही आपल्या मातीची झाडे लावावीत. खड्डे मे महिन्यातच खणून तापू द्यावेत आणि रोपे पहिला दमदार पाऊस झाल्यावर लावावीत. जागेच्या उताराला आडवे चर खणले तर छपरांचे आणि रस्त्याचे पाणी तिथेच मुरेल. पहिले तीन उन्हाळे रोप जगवले की पुढे झाड आपले आपण तगते. ज्या घरातल्या माणसाच्या नावाने झाड, त्या घराने त्याला आठवड्याला दोन बादल्या वापरलेले पाणी द्यावे. ज्या घराला ते जमत नाही, त्याच्या वाट्याचे शेजाऱ्याने द्यावे. सांत्वन म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

तिसरी गोष्ट समाजभवनाची. ते लहान असावे आणि रोज उघडे राहावे. सकाळी अंगणवाडी, दुपारी बचत गटाची बैठक, संध्याकाळी अभ्यासिका, महिन्यातून एकदा रक्तदाब-मधुमेहाची तपासणी. आज पोलिस भरती किंवा तलाठी परीक्षेची तयारी करणारी मुले भाड्याच्या खोलीत चौघे-चौघे बसून अभ्यास करतात. त्यांना घराजवळ टेबल, दिवा आणि शांतता मिळाली तर मोठे काम होईल. मंगल कार्यालयाचे भाडे न परवडणाऱ्या घराची तेरवी तिथे विनामूल्य व्हावी. बायांसाठी पाण्याची सोय असलेले स्वच्छतागृह आराखड्यातच हवे. कर्जाने, दारूने किंवा एकटेपणाने खचलेल्या माणसाशी बोलायला आठवड्यातून एक दिवस समुपदेशक बसावा. २०१५ मध्ये याच जिल्ह्यात बळीराजा चेतना अभियान सुरू झाले, तेव्हा खचलेल्या शेतकऱ्याला गावातच आधार मिळावा, हाच विचार होता. अशा आधाराला कायमची जागा मिळाली तर तो एखाद्या योजनेच्या मुदतीपुरता राहणार नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, किल्ली कोणाकडे? आपल्या बहुतेक सभागृहांचे दैव याच एका प्रश्नावर ठरते. किल्ली एखाद्या कार्यकर्त्याच्या खिशात गेली की सभागृह त्याचे होते आणि वस्ती दाराबाहेर राहते. म्हणून उद्घाटनाच्या आधी प्लॉटधारकांची समिती स्थापन झाली पाहिजे आणि तिच्यात निम्म्या महिला असल्या पाहिजेत. नगरपालिकेशी तिचा लेखी करार व्हावा : वीजबिल कोण भरणार, झाडू कोण मारणार, चौकीदाराचा पगार कुठून येणार. बँकेत स्वतंत्र खाते असावे आणि वर्षाचा जमाखर्च भिंतीवर लावावा. वृक्ष उपकराचा पैसा नगरपालिकेने अशा जागांवर खर्च करावा, ‘माझी वसुंधरा’ अभियानाशी हे काम जोडून घ्यावे आणि आमदार निधी आला तर तो आराखडा पाळण्याच्या अटीवरच स्वीकारावा.

रस्ते उखडलेले, नाल्या तुंबलेल्या आणि नळाला रोज पाणी नाही, अशा वेळी हे कशाला, हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. तो खोटा नाही. पण जी वस्ती एका सामायिक जागेसाठी एकत्र बसायला शिकते, तीच नाली आणि नळासाठीही नगरपालिकेच्या दारात एकत्र उभी राहते. दुसरी काळजी त्याहून गंभीर आहे. काही मोकळ्या जागांवर गरिबांच्या झोपड्या आहेत. बागेच्या नावाखाली त्यांच्यावर बुलडोझर चालवणे आम्हाला मान्य नाही. त्यांच्या घरांचा प्रश्न घरकुल योजनेतून सोडवावा आणि स्मृतिउद्यानासाठी खरोखर रिकाम्या असलेल्या जागाच निवडाव्यात.

जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. प्रत्येक नगरपालिकेने आणि नगरपंचायतीने आपल्या हद्दीतील सर्व ओपन स्पेसची यादी, क्षेत्रफळ आणि सद्यःस्थितीसह, कार्यालयाच्या फलकावर लावावी. ग्रामपंचायतींनी गावठाणातील मोकळ्या जागांचे तेच करावे. नागरिकांनी त्यासाठी वाट पाहू नये. आपल्या ले-आउटचा मंजूर नकाशा नगररचना विभागातून मागवावा, जागेची मोजणी करून घ्यावी आणि येत्या पावसाळ्याआधी वस्तीची बैठक बोलवावी. ज्यांचे पुतळे कधी होणार नाहीत आणि ज्यांच्या नावाने चौक कधी ओळखले जाणार नाहीत, त्याच माणसांनी हा जिल्हा उभा केला आहे. त्यांच्या नावाचे एक झाड लावायला आणि ते जगवायला कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही. पहिली बैठक तुम्ही बोलवा.