आग लागली की कोड नको, सरळ बोला

मंडळी, बंदी चालू आहे. ट्रॉलर जेटीला बांधलेत, कुणी जाळी तुणतोय, कुणी इंजिन उघडून बसलाय. केबिनमधल्या वायरलेस सेटकडे मात्र कुणाचं लक्ष नाही. बटण दाबलं, खरखर ऐकू आली, म्हणजे सेट चांगला! पण त्या सेटवर अडचणीच्या वेळी आपण बोलणार काय, याचा विचार कधी केलाय? त्यावरच लिहायचं आहे, आणि सुरुवात अग्निशामक दलापासून करायची आहे. बंबवाल्यांचा आणि दर्याचा काय संबंध, असं म्हणू नका. आपल्या देशात १४ एप्रिलला अग्निशमन दिन पाळतात, तो १९४४ साली मुंबईच्या गोदीत एका जहाजाची आग विझवताना गेलेल्या ६६ जवानांच्या आठवणीसाठी.

अमेरिकेतल्या बंबवाल्यांची रेडिओवरची भाषा आकड्यांची. न्यूयॉर्कमध्ये गाडी जागेवर पोचली की '१०-८४'. आग खरोखर पेटलेली आहे, जादा गाड्या पाठवा, असं सांगायचं तर '१०-७५'. आगीत माणूस सापडला, जखमी किंवा गेलेला, तर '१०-४५'. कॅलिफोर्नियाकडे 'कोड थ्री' म्हटलं की दिवे लावून, भोंगा वाजवत सुटायचं. सिनेमात ऐकलेलं 'टेन-फोर', म्हणजे 'समजलं', तेही याच कुटुंबातलं.

हे आकडे कुणी हौसेने काढले नाहीत. १९३७ च्या सुमारास इलिनॉय राज्याच्या पोलीस दलातल्या चार्ल्स हॉपर यांनी ते बसवले. तेव्हाच्या रेडिओला बटण दाबल्यावर पुरती ताकद यायला क्षणभर लागायचा आणि बोलण्यातला पहिला शब्द गिळला जायचा. म्हणून आधी 'टेन' म्हणायचं, ते गिळलं गेलं तरी चालेल, खरा आकडा मागाहून येतो. डोकं बघा! आपल्या सेटवरही बटण दाबल्या दाबल्या बोलणाऱ्याचा पहिला शब्द जातोच. बटण दाबा, एक श्वास घ्या, मग बोला.

घोळ झाला तो दुसरीकडेच. प्रत्येक गावाने, प्रत्येक दलाने आपापले आकडे केले. न्यूयॉर्कच्या पोलिसांत '१०-१३' म्हणजे शिपाई संकटात आहे, धावा. दुसऱ्या कित्येक ठिकाणी तोच '१०-१३' म्हणजे हवामानाची आणि रस्त्याची खबर! एक जीव वाचवायला हाक मारतोय आणि शेजारच्या गावचा माणूस ढग बघतोय.

१९७० साली कॅलिफोर्नियात तेरा दिवस वणवे पेटले. १६ माणसं गेली, सातशेच्या वर घरं आणि इमारती जळाल्या. मदतीला ठिकठिकाणची दलं आली, पण त्यांचे रेडिओ जुळेनात आणि शब्दही जुळेनात. त्या अनुभवातून 'फायरस्कोप' नावाचा कार्यक्रम उभा राहिला आणि नियम आला, की अनेक दलं एकत्र आली की कोड बंद, सगळ्यांना कळेल अशी साधी भाषा. पुढे २००६ पासून अमेरिकेच्या केंद्र सरकारने आपत्तीच्या तयारीच्या अनुदानालाच ही अट जोडली. घरच्या रोजच्या कामात आकडे वापरण्यावर मात्र बंदी घातली नाही. न्यूयॉर्कवाले आजही वापरतात.

मला यातला शेवटचा भाग सगळ्यात पटतो, कारण आपलंही तसंच आहे. वायरलेसवर आपण गुपित भाषा बोलतो, हे काय लपून आहे? समजा, 'पाहुणे आलेत' म्हटलं की बांगड्याचा थवा, आणि कुठे ते फक्त आपल्या दोन बोटींना कळणार. बोला की! धंद्याची जागा कुणी चार लोकांत सांगत नाही. पण पाणी आत यायला लागलं, इंजिनखोलीत डिझेल पेटलं, खलाशी दर्यात पडला, तर त्या क्षणी सगळी गुपितं गुंडाळून ठेवायची. जवळची बोट तुमच्या ग्रुपमधली असेल असं थोडंच आहे? ती मालवणची असेल, कारवारची असेल, नाहीतर मोठं मालवाहू जहाज असेल.

आणि आपल्या बोटीवर तरी कोण असतं? गोव्यातल्या बऱ्याच ट्रॉलरवर खलाशी ओडिशाचे, झारखंडचे, कर्नाटकातले. तांडेल बेशुद्ध पडला आणि मालक घरी, तर सेट हातात घेणार कोण? त्या पोराला आपले कोड ठाऊक नाहीत, मराठी-कोंकणीही तोडकीमोडकी. अशा वेळी चार ठरलेले शब्दच कामाला येतात.

कुणी म्हणेल, 'मेडे' हाही कोडच ना? आहे. पण तो जगात सगळ्यांचा एकच आहे. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरच्या फ्रेडरिक मॉकफर्ड या रेडिओ अधिकाऱ्याने १९२० च्या दशकात तो फ्रेंच शब्दावरून काढला, अर्थ 'मला मदत करा'. १९२७ साली आंतरराष्ट्रीय करारात तो मान्य झाला. आणि गंमत बघा, आकड्यांत बोलणारे अमेरिकेतले बंबवालेसुद्धा धुरात वाट चुकले, छताखाली अडकले, की आकडा सांगत बसत नाहीत, 'मेडे'च म्हणतात. मग कुठे आहे, कुठल्या गाडीचा, नाव काय, काय करत होता, काय हवंय, एवढं साध्या शब्दांत सांगायचं.

आपलं त्याहून वेगळं नाही. चॅनल १६. 'मेडे, मेडे, मेडे', मग बोटीचं नाव तीनदा. पुन्हा एकदा 'मेडे' आणि नाव. जीपीएसवरची जागा, '१५ अंश १२ मिनिटं उत्तर, ७३ अंश ३५ मिनिटं पूर्व', आकडे सुटे सुटे. काय झालं: आग. किती माणसं: अकरा. काय हवं. बटण सोडा आणि ऐका. नुसतं 'बेतूलच्या बाहेर' सांगू नका, बेतूलच्या बाहेर अख्खा अरबी समुद्र आहे. आणि नुसतं इंजिन बंद पडलंय, जिवाला लगेच धोका नाही, तर 'मेडे' नाही, 'पॅन-पॅन' तीनदा. याला त्याला मेडे म्हणत सुटलात तर उद्या खऱ्या मेडेला कुणी मान वर करणार नाही.

ज्यांच्याकडे उपग्रहावरून संदेश पाठवणारं डॅट यंत्र आहे, त्यांनी ते चार्ज करून बोटीवर ठेवा, घरच्या कपाटात नको. किनाऱ्याजवळ फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ आहेच. पण बाजूच्या बोटीला तुमची हाक ऐकू येणार ती सेटवरूनच, आणि बहुतेक वेळा पहिला पोचतो तो बाजूचाच.

चॅनल १६ वर गाणी लावणाऱ्यांबद्दल बोलायला गेलो तर लेख वेगळाच होईल. ती जागा अडवणं म्हणजे बंबाच्या दारात गाडी उभी करणं.

माझी मागणी छोटी आहे. १ ऑगस्टला बोटी सुटण्याआधी संस्थेने प्रत्येक सभासदाला एक पाटी छापून द्यावी. तिच्यावर मेडेचा मजकूर, बोटीच्या नावाची जागा मोकळी, मराठी, कन्नड आणि ओडिया अशा तिन्ही लिपींत. मालकांनी ती सेटच्या वर, झोपेतून उठलेल्याला दिसेल अशी ठोकावी. आणि जेटीवरच प्रत्येक खलाशाकडून ती एकदा मोठ्याने म्हणून घ्यावी, नवीन आलेल्या पोराकडून दोनदा. सेट बंद ठेवून बरं का, चॅनल १६ वर सराव करायचा नसतो.