गर्भपाताचा दोष बाईच्या माथी का?

घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीत काय किंवा जालना शहरात काय, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला की घरात पहिली चौकशी सुनेची होते. पपई खाल्ली का? ग्रहण पाळले का? जड पाटी उचलली का? विज्ञानाचे उत्तर निराळे आहे. त्यातला मोठा धडा पाव फुगवणाऱ्या यीस्टने दिला आहे.

बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या जवळ येतात, आपले तुकडे एकमेकांशी बदलतात आणि मग वेगळ्या होतात. ही अदलाबदल म्हणजे क्रॉसओव्हर. ती वारशात विविधता आणतेच, शिवाय वेगळे होण्याच्या क्षणापर्यंत जोडीला गाठीसारखी धरून ठेवते. गाठ असेल तर दोन गुणसूत्रे बिनचूक दोन बाजूंना जातात. यीस्टच्या 16 जोड्यांत अशा सुमारे 90 गाठी पडतात, पण कुठेही नाही. कपाशीची टोकण करताना एकही सरी रिकामी राहू नये आणि दोन झाडे खेटून येऊ नयेत, हे शेतकरी पाहतो. पेशीचाही नियम तसाच. सर्वांत लहान जोडीलाही बहुधा एक तरी गाठ मिळते आणि तिच्या लगत दुसरी सहसा पडत नाही.

माणसात अशा 23 जोड्या. त्यांतले 21वे गुणसूत्र सर्वांत लहान. त्यावर गाठ पडलीच नाही किंवा अगदी टोकाला पडली, तर बीजांडात त्याच्या दोन प्रती जाण्याचा धोका वाढतो. डाउन सिंड्रोममागचे हे एक महत्त्वाचे कारण आहे. पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांत गुणसूत्रांची संख्याच चुकलेली असते.

महत्त्वाचे म्हणजे, बाईच्या बीजांडांतली ही अदलाबदल ती स्वतः आईच्या पोटात असतानाच उरकलेली असते. पुढे बीजांडे वर्षानुवर्षे थांबून राहतात आणि गुणसूत्रांना बांधून ठेवणारी पकड सैल होत जाते. म्हणून पस्तिशीनंतर धोका वाढतो. जन्माआधी पडलेल्या गाठींचा जाब कालच्या पपईला विचारून काय उपयोग?

गर्भपाताची इतरही कारणे असतात. म्हणूनच दोनदा गर्भ पडल्यास नवरा-बायको दोघांची तपासणी व्हायला हवी, एकट्या बाईची नव्हे. गुणसूत्र तपासणीसाठी रक्ताचे नमुने पाठवण्याची सोय आणि समुपदेशन तालुक्याच्या दवाखान्यातच मिळाले पाहिजे. तोवर घरच्यांनी एवढे तरी करावे : तिला विश्रांती द्यावी, दोष देऊ नये.