मोबाईल घेताना जाहिरात वाचू नका, हिशेब मांडा!

मोबाईल कोणता घ्यावा, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. तथापि ज्या घरात महिन्याची मिळकत पंधरा हजारांच्या पुढे जात नाही, त्या घरात हा प्रश्न संपूर्ण महिन्याच्या कमाईचा असतो. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज, आधारचा ओटीपी, बँकेचा व्यवहार, गॅसची नोंदणी, कोर्टाची पुढची तारीख, हे सारे आज त्या एका यंत्रात येऊन बसले आहे. असे असताना हा निर्णय आपण कोणावर सोपवतो? जाहिरातीतल्या क्रिकेटपटूवर, नाही तर दुकानातल्या विक्रेत्यावर! आमचे म्हणणे सरळ आहे. फोन त्याच्या कॅमेऱ्यावरून निवडू नका, हप्त्यावरूनही निवडू नका. तो किती वर्षे सुरक्षित चालणार आहे, यावरून निवडा.

दुकानात गेल्यावर ग्राहकाला सांगितले जाते ते मेगापिक्सेल, रॅम आणि चार्जिंगचा वेग. सांगितले जात नाही ते हे, की या फोनला सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार? फोनमधील प्रणालीत चोरवाटा सापडत राहतात आणि कंपनी त्या अपडेटद्वारे बुजवीत असते. अपडेट थांबले की फोन बंद पडत नाही, परंतु त्याच्या कुलपाची दुरुस्ती थांबते. ज्या फोनवरून आपण पैसे पाठवतो, त्याचे कुलूप नादुरुस्त ठेवणे परवडणारे आहे काय?

आता हिशेब मांडू. समजा, एक फोन १२ हजारांचा आहे आणि त्याला २ वर्षे अपडेट आहेत. दुसरा १८ हजारांचा आहे, त्याला ६ वर्षे आहेत. पहिला वर्षाला ६ हजारांना पडतो, दुसरा ३ हजारांना. म्हणजे जो स्वस्त म्हणून घेतला तोच दुपटीने महाग! दीर्घकाळ अपडेट ही केवळ श्रीमंतांच्या फोनची गोष्ट राहिलेली नाही. गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ च्या प्रारंभी गॅलेक्सी एस २४ ला ७ वर्षांचे आश्वासन दिले. परंतु त्याच २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी ए १६ फाइव्हजी या तुलनेने स्वस्त फोनलाही ६ वर्षांचे आश्वासन दिले. याचा अर्थ असा, की हे शक्य आहे. मात्र एक मेख लक्षात ठेवली पाहिजे. ही वर्षे आपण फोन घेतला त्या दिवसापासून नव्हे, तर ते मॉडेल बाजारात आले तेव्हापासून मोजली जातात. सणाच्या सेलमध्ये ‘निम्म्या किमतीत’ मिळणाऱ्या दोन वर्षे जुन्या मॉडेलचे आयुष्य तेवढे आधीच सरलेले असते.

दुसरा प्रश्न, हातातला फोन खरोखर बदलावा का? व्हॉट्सॲपने १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइड किटकॅटवर चालणाऱ्या फोनचा आधार काढून घेतला आणि त्याच वर्षी आयफोन ६ सारख्या जुन्या आयफोनचाही. असा फोन असेल, तर बदलण्यावाचून गत्यंतर नाही. परंतु अनेकदा दोष फक्त बॅटरीचा असतो. ॲपलने २०१७ मध्ये स्वतःच मान्य केले, की बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग सॉफ्टवेअरद्वारे कमी केला जात होता. ग्राहकाला हे न सांगितल्याबद्दल फ्रान्समध्ये २०२० साली या कंपनीला अडीच कोटी युरोचा दंड झाला. फोन मंद झाला म्हणजे तो म्हातारा झाला, असे दरवेळी नसते! अपडेट अजून येत असतील, तर नवी बॅटरी टाकून एक-दोन वर्षे सहज काढता येतात.

आता ‘शून्य टक्के व्याज’ या भूलथापेकडे वळू. रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे, की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. व्याज प्रक्रिया शुल्काच्या रूपाने दडवलेले असते. कसे ते पाहा. २० हजारांचा फोन रोखीने १८ हजारांना मिळतो. हप्त्याने घेतल्यास ती सवलत जाते आणि १,६६७ रुपयांचे १२ हप्ते भरावे लागतात. १८ हजारांच्या वस्तूसाठी वर्षभरात २० हजार फेडणे, याचा व्याजदर वर्षाला साधारण २० टक्के होतो. प्रक्रिया शुल्क त्यावर वेगळे. १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा कर्जदारांना वार्षिक दर आणि सर्व शुल्के दाखविणारे एक मुख्य माहितीपत्रक देणे वित्तसंस्थांवर बंधनकारक आहे. ते मागून घ्या, वाचा आणि मगच सही करा. मोठा फोन हातात असल्याने माणूस मोठा होत नाही. हप्ता थकल्यावर दारात येणारा वसुलीवाला मात्र माणसाला लहान करून जातो.

तिसरी बाब बिलाची. १ एप्रिल २०२० पासून मोबाईलवर १८ टक्के जीएसटी आहे. १५ हजारांच्या फोनमध्ये सुमारे २,२८८ रुपये कराचेच असतात. “बिल नको असेल तर पाचशे कमी करतो” असे सांगणारा दुकानदार आपली वॉरंटी आणि आपला पुरावा पाचशे रुपयांत विकत घेत असतो. बिल न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. ऑनलाइन खरेदीत न विचारता विमा किंवा जादा वॉरंटी टोपलीत घातली जाते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी त्यालाही मनाई केली आहे. जुना फोन घ्यायचा असेल, तर *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक पाहावा आणि तो ‘संचार साथी’वर तपासावा. चोरीचा माल आहे हे माहीत असताना तो घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. बिलाविना फोन घेणाऱ्याला आपला प्रामाणिकपणा सिद्ध करताना नाकीनऊ येतात.

फोन सदोष निघाला आणि कंपनी दाद देत नसेल तर? प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तरीही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी तेथे फी नाही, वकिलाची सक्ती नाही आणि कंपनीचे कार्यालय कुठेही असो, आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत मात्र २ वर्षांची आहे. आमच्याकडे सल्ल्यासाठी येणारे बहुतेक लोक हरतात ते कायद्यामुळे नव्हे, तर कागद नसल्यामुळे.

आणि केवळ ग्राहकाने शहाणे होऊन भागणार नाही. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नवा नियम लागू झाला आहे. मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान ५ वर्षे अपडेट, ८०० वेळा चार्ज केल्यावरही ८० टक्के क्षमता राखणारी बॅटरी, ७ वर्षे सुटे भाग आणि दुरुस्तीची श्रेणी दाखविणारे लेबल, हे सारे तेथे सक्तीचे आहे. आपल्याकडे २०२२ च्या डिसेंबरमध्ये ‘राइट टू रिपेअर’चे संकेतस्थळ सुरू झाले, परंतु संकेतस्थळ म्हणजे सक्ती नव्हे. वस्तूच्या दर्जाची माहिती मिळणे हा २०१९ च्या कायद्याच्या कलम २(९) ने दिलेला हक्क आहे. दुधाच्या पिशवीवर तारीख छापली जाते, मग पंधरा हजारांच्या फोनच्या पेटीवर सुरक्षा अपडेटची अखेरची तारीख का नको? ही मागणी ग्राहक संघटनांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे. तोपर्यंत प्रत्येक ग्राहकाने दुकानाच्या काउंटरवर उभे राहून हाच प्रश्न विचारावा आणि उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवावेत!