लखनौची गोळी आणि न विचारलेला प्रश्न

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने घडवलेला सेंटक्रोमन हा रेणू १९९१ साली ‘सहेली’ या नावाने बाजारात आला. स्टेरॉइड नसलेली ही गर्भनिरोधक गोळी शासकीय कुटुंबनियोजन कार्यक्रमात आज ‘छाया’ म्हणून मिळते. भारतीय विज्ञानाची ही मोठी कामगिरी आहे. परंतु हीच गोळी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर इलाज ठरते असे सांगणे, हा त्या कामगिरीचा अपमान आहे.

या दाव्यामागे खरे विज्ञान आहे, म्हणूनच तो अधिक फसवा ठरतो. या कर्करोगाचे मूळ एचपीव्ही विषाणूत असते. २००८ साली अमेरिकेत चुंग आणि लॅम्बर्ट यांच्या गटाने दाखवले की, या विषाणूचे कर्करोगकारक जनुक असलेल्या उंदरांत इस्ट्रोजेनचा ‘अल्फा’ ग्राही नसेल, तर कर्करोग होत नाही. पुढच्याच वर्षी रॅलॉक्सिफेन या औषधाने बहुतेक उंदरांतील कर्करोग नाहीसा झाला. सेंटक्रोमन याच औषधवर्गातला आहे.

मात्र स्त्री म्हणजे उंदीर नव्हे. स्तनाच्या अनेक कर्करोगांत हा ग्राही गाठीच्या पेशींतच असतो, म्हणून तेथे टॅमॉक्सिफेन लागू पडते. गर्भाशयमुखात आजार बळावतो तसा तो गाठीच्या पेशींतून नाहीसा होतो आणि भोवतालच्या ऊतीत उरतो. तेव्हा प्रश्न असा आहे: कर्करोगपूर्व अवस्थेत या ग्राहीला रोखले तर काही साधते का? याचे उत्तर स्त्रियांवरील नियंत्रित चाचणीच देऊ शकते. पेट्रीबशीतील पेशी ते देऊ शकत नाहीत.

असा पुरावा कसा उभा राहतो, हे महाराष्ट्रानेच दाखवले आहे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, तपासणी न झालेल्या गटात ६४.

‘छाया’ घेते म्हणून आपण सुरक्षित आहोत, असे मानून एखादी स्त्री ही तपासणी टाळेल, तर त्या चुकीची किंमत बातमीदार मोजणार नाही. देशी रेणूचा अभिमान असणाऱ्यांनी आधी त्याच्या चाचणीची मागणी करावी. जयघोष निकालानंतरही करता येईल.