पायवाटेचे मानकरी

आज ११ डिसेंबर. संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे पर्वतांचे वर्ष म्हणून पाळले आणि २००३ पासून आजची तारीख आंतरराष्ट्रीय पर्वत दिन म्हणून ठरवली. महाराष्ट्राचा माथा ज्या जिल्ह्यात आहे, त्या आपल्या जिल्ह्याला हा दिवस परका वाटण्याचे कारण नाही. अकोले तालुक्यातले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे. त्याच डोंगररांगांत रतनगड आहे, हरिश्चंद्रगड आहे, साम्रदची सांदण दरी आहे. बाहेर मात्र नगरची ओळख ऊस, साखर आणि दुष्काळ एवढ्यावरच आटोपते. रतनगडाच्या कुशीत उगम पावणाऱ्या प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, म्हणून खालच्या मुलखात उसाचे मळे उभे राहिले. हे आपण शाळेत शिकतो आणि पुढे विसरतो.

डिसेंबरातच डोंगरातल्या धावण्याचा हंगाम भरात येतो. पुण्याजवळची सिंहगड–राजगड–तोरणा ही किल्ल्यांना जोडणारी शर्यत याच दिवसांत होते. सह्याद्रीत अशा शर्यतींकडे ओढा वाढतो आहे आणि धावणाऱ्यांची पावले अकोल्याच्या डोंगरांकडे वळणे अटळ आहे. तसे व्हावे असेच आम्हाला वाटते. पण कशा रीतीने व्हावे, याविषयी आजच्या निमित्ताने मोकळेपणाने बोलले पाहिजे.

आधी धावणाऱ्यांचे ऐकू. रस्त्यावर ४२.१९५ किलोमीटर धावून आलेला माणूस पहिल्यांदा डोंगरात उतरतो, तेव्हा त्याचा पहिला तासच त्याला भानावर आणतो. रस्त्यावर किलोमीटरमागे किती मिनिटे, हा हिशेब त्याच्या अंगात मुरलेला असतो. इथे चढाला लागल्यावर तो हिशेब मोडून पडतो. मुरमाच्या घसाऱ्यावर एक पाऊल पुढे टाकावे तर अर्धे मागे सरकते. मनगटावरचे घड्याळ एका किलोमीटरला वीस मिनिटे दाखवते आणि तरीही आपण कसून चाललेलो असतो. अनुभवी मंडळी तर चढावर धावतच नाहीत. गुडघ्यांवर हात रोवून, कंबरेत वाकून, शांतपणे चालतात. नवखा त्यांना मागे टाकतो आणि दोन तासांनी तीच माणसे त्याला ओलांडून जातात.

पण खरा कस लागतो तो उतारावर. चढताना छाती फुटते, ती चार श्वास घेतले की ताळ्यावर येते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला सगळ्या अंगाचा भार पेलावा लागतो. त्याचा हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चुकता होतो, जिना उतरताना. अंगठ्याचे नख बुटाच्या टोकावर आपटून काळेनिळे होते. पोटरीत गोळा येतो तोही बहुधा उतार संपून सपाटी लागल्यावर, आता निभावले असे वाटत असतानाच.

अशाच एका शर्यतीत, लांब उताराच्या तळाशी असलेल्या पाण्याच्या ठिकाणी आम्ही सकाळभर थांबलो होतो. आलेला जवळजवळ प्रत्येक जण आधी खाली बसायचा आणि बूट काढायचा. पावसाळ्यानंतर वाळलेल्या गवताची कुसळे मोज्यात घुसलेली असतात. ती नुसती झटकून निघत नाहीत. त्यांची टोके विणीत अडकतात आणि दर पावलाला घोट्यात रुततात. बोटांना घाम, हात थरथरणारे, आणि एकेक कुसळ चिमटीत धरून ओढायचे. पन्नाशीतल्या एका बाईंना ते काही केल्या जमेना. जवळ उभी असलेली गावातली मुलगी खाली बसली, तिने मोजा उलटा केला आणि हाताच्या दोन फटकाऱ्यांत काम करून दिले. बाईंनी मीठ लावलेला उकडलेला बटाटा तोंडात टाकला, गूळ-शेंगदाण्यांची मूठ खिशात घातली आणि त्या निघाल्या. एवढ्या वेळात त्यांच्या पुढे आठ-दहा जण निघून गेले होते. त्यांनी त्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

डोंगरातल्या शर्यतीत माणसांचे हे असे होते. रस्त्यावर शेजारचा धावपटू हा ओलांडण्यासाठी असतो. इथे तो वाटेवर दिसला की जीव भांड्यात पडतो. खुणेच्या फिती वाऱ्याने उडालेल्या असतात किंवा गुरांनी चघळलेल्या असतात. मळलेली वाट सोडून आपण ढोरवाटेला तर लागलो नाही ना, ही धाकधूक मनात असते. अशा वेळी पुढच्या धारेवर एखादा रंगीत सदरा हलताना दिसला की बरे वाटते. अनोळखी माणसे मग तासन् तास सोबतीने जातात, पाण्याची बाटली अर्धी-अर्धी करतात आणि शेवटी एकमेकांचे आडनावही न विचारता पांगतात. सर्वांत मागे स्वीपर असतो. शेवटच्या धावणाऱ्याच्या मागे राहून, त्याला हाताशी धरून परत आणायचे हे त्याचे काम. त्याच्या नावापुढे कुठलाही क्रमांक लागत नाही. आमच्या मते शर्यत कशी झाली हे विजेत्यापेक्षा त्याला विचारावे. वाटेत पाणी कुठे संपले, वेळमर्यादा संपल्यावर कोणाला कसे थांबवले, कचरा कुठे पडला, हे सगळे त्यानेच पाहिलेले असते.

शर्यत केवढी असावी, हा प्रश्न इथेच येतो. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर नवरात्रात किंवा सुट्टीच्या दिवशी किती खोळंबा होतो हे पायथ्याच्या बारी गावात कोणीही सांगेल. काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याच्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात, त्यांच्या दिव्यांच्या झोतात काजवेच दिसेनासे होतात, आणि शेवटी वनखात्याला निर्बंध घालावे लागतात. हजारोंच्या शर्यतीची हौस या डोंगरांना पेलवणारी नाही. हा सगळा पट्टा कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्याचा आहे. १९८६ मध्ये घोषित झालेल्या या अभयारण्याचे क्षेत्र सुमारे ३६२ चौरस किलोमीटर आहे. शेकरू आणि बिबट्या यांचे ते घर आहे, आपण तिथे परवानगीने जाणारे. उलट पन्नास-साठ मित्रांनी मिळून केलेल्या धावण्यात वाटेवर डॉक्टर, बिनतारी संच, रुग्णवाहिका ठेवण्याइतका पैसा जमत नाही. म्हणून तीन-चारशे धावणाऱ्यांची मध्यम शर्यत आम्हाला योग्य वाटते. सुरक्षेचा खर्च तिला झेपतो आणि पायवाटेलाही ती झेपते.

सुरक्षेची गोष्ट वरवर घेण्यासारखी नाही. २२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात, पीत नदीच्या खोऱ्यातल्या डोंगरांत शंभर किलोमीटरची शर्यत होती. धावणारे १७२ होते. दुपारी हवा अचानक फिरली. गारा, बर्फगार पाऊस आणि सोसाट्याचा वारा सुरू झाला. धावणाऱ्यांच्या अंगावर पातळ सदरे होते, कारण वारा अडवणारे जाकीट जवळ बाळगण्याची सक्ती नव्हती. २१ जण गारठून मेले, त्यांत चीनमधले नामांकित धावपटूही होते. त्याच वादळात चू कमिंग नावाचा मेंढपाळ आपल्या आडोशाच्या गुहेत थांबला होता. त्याने सहा जणांना आत ओढून घेतले, शेकोटी पेटवली, पांघरुणे दिली. ते सहा वाचले. त्या डोंगरात आडोसा कुठे आहे हे त्या दिवशी आयोजकांपेक्षा त्या मेंढपाळाला अधिक ठाऊक होते.

सह्याद्रीत बर्फ नाही, पण संकटे आहेत. डिसेंबरातही दहा वाजल्यानंतर कातळ तापतो आणि उघड्या पठारावर सावली मिळत नाही. घामाबरोबर मीठ जाते आणि माणूस नुसते पाणी पीत राहिला तर रक्तातला सोडियम घसरून त्याची शुद्ध हरपू शकते. कड्याच्या पोटातले आग्यामोहोळ एका आरडाओरड्याने, अत्तराच्या वासाने उठते. अवकाळी पाऊस आणि धुके आले की हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या काठावर दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. पाय मुरगळलेल्या माणसाला पायथ्याच्या पाचनईपर्यंत खाली आणायचे तर झोळी करून चार जणांनी खांदा द्यावा लागतो. तिथून पुढे राजूर किंवा अकोल्याचा दवाखाना गाठायचा. हा खांदा कोण देतो? महादेव कोळी आणि ठाकर समाजाची तीच पोरे, जी आजही रस्ता नसलेल्या वाड्यांतून आजारी माणसाला डोलीत घालून उतरवतात.

म्हणून आमचे म्हणणे हे की, या वाटांचे मानकरी गावकरी आहेत. ज्या पायवाटेला धावणारे आज आव्हान म्हणतात, ती कोणीतरी पाण्याच्या हंड्यासाठी, राजूरच्या बाजारासाठी, गुरांमागे जाता-येता मळलेली आहे. इथे पावसाळ्यात आभाळ फाटते आणि एप्रिल लागला की अनेक वाड्यांतल्या बायकांना दूरवरून पाणी आणावे लागते. धरण उशाशी असताना ही स्थिती आहे. अशा गावातली माणसे पाहुण्यांच्या शर्यतीसाठी डोक्यावरून पाण्याचे डबे वर चढवतात तेव्हा त्याला निव्वळ आदरातिथ्य म्हणून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. त्या श्रमाला ठरलेला आणि चोख मोबदला हवा. भाताची कापणी-झोडणी उरकल्यावर इथली कुटुंबे मजुरीसाठी नारायणगावच्या बाजूला जातात. त्याच दिवसांत गावात चार पैसे मिळाले तर कोणाला नको आहेत? मुक्काम गावातल्या घरांत, जेवण गावातल्या चुलीवरचे, वाटाड्या गावातला. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या जतनासाठी २०२० चा पद्मश्री पुरस्कार मिळाला, त्या याच तालुक्यातल्या. त्यांच्या मुलखात धावायला येणाऱ्याला बाहेरून आणलेल्या खोक्यातला नाश्ता देणे शोभत नाही.

पैशाइतकाच अधिकाराचा प्रश्न आहे. अकोल्यातली ही आदिवासी गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला स्वतःचे स्थान दिले आहे. शर्यतीची वाट कुठून जाईल, कोणत्या देवस्थानाला वळसा घालेल, कोणत्या महिन्यात ती नकोच, हे ग्रामसभेत ठरले पाहिजे. वनखात्याच्या परवानगीचा कागद हातात आल्यावर सरपंचांना निमंत्रणपत्रिका धाडणे म्हणजे गावाला विचारणे नव्हे.

आणि गावाने फक्त पाणी का द्यावे? धावू का नये? आपल्या जिल्ह्याला खेटून असलेल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत पायी आणि पळत जायचा, कारण वाहन नव्हते. तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, स्पर्धांत धावणे त्याने तिथे सुरू केले आणि २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. त्याआधीच्या अनेक राष्ट्रकुल स्पर्धांत या प्रकारातली तिन्ही पदके केनियाचीच ठरलेली असत. पुढे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो याच प्रकारात अंतिम फेरीत धावला. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक आणले. बारी, रतनवाडी, कुमशेत, पाचनई इथल्या आश्रमशाळांतून आणि वाड्यांतून अशी मुले नसतील, हे आम्ही मानायला तयार नाही. त्यांना बूट मिळालेले नाहीत आणि त्यांची वेळ कोणी घड्याळ लावून घेतलेली नाही, एवढेच. नोंदणीची हजारो रुपयांची रक्कम पाहून ती मुले शर्यतीच्या कडेला टाळ्या वाजवत उभी राहतात. स्थानिकांना मोफत प्रवेश, त्यांच्यासाठी राखीव जागा आणि शर्यतीनंतरही वर्षभर लक्ष देणारा एक प्रशिक्षक, एवढे ज्या शर्यतीला जमत नाही तिने या डोंगराचे नाव आपल्या सदऱ्यावर छापू नये.

धावणाऱ्यांकडूनही आमची अपेक्षा आहे, आणि ती ते पूर्ण करतील असा विश्वास आहे. डोंगरात एकदा धावून आलेला माणूस उद्दाम राहत नाही, हे आम्ही जवळून पाहिले आहे. ज्या मुलीने तुमच्या मोज्यातली कुसळे काढली, तिच्या गावाबद्दल तुम्हाला आपलेपणा वाटणारच.

तेव्हा या हंगामात कुठल्याही डोंगरशर्यतीत नाव घालण्याआधी आयोजकांना पत्र लिहून विचारा: ग्रामसभेचा ठराव झाला आहे का, गावकऱ्यांना मोबदला किती आणि केव्हा मिळणार, गावातली किती मुले-मुली तुमच्याबरोबर धावणार, आणि वाटेवरचा शेवटचा माणूस परत येईपर्यंत डॉक्टर थांबणार का. उत्तर आले नाही, तर पैसे भरू नका.